तिम्याची भिंत

“रावसाहेब, जरा उठता का? तुम्ही बसलाय ते दगड माझ्या बापाचे आहेत.”

मी हात जोडूनच म्हणालो. सकाळचे आठ वाजले असतील. रावसाहेब खर्डेकर बंगल्याच्या पायरीवर ऊन खात पेपर वाचत बसले होते. फाटकात माझा ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीत नवे घडीव दगड होते आणि माझी चार माणसं पहारी घेऊन खाली उतरली होती.

रावसाहेबांनी पेपरची घडी घातली. चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, मग माणसांकडं, मग ट्रॉलीकडं. म्हणाले, “इटकर, परवा तुम्ही इथं चहा प्यालात. वर, खुर्चीवर बसून. त्यात काय कमी पडलं?”

“साखर जरा जास्त पडली,” मी म्हणालो.

माझ्या माणसांतला एकजण हसला. रावसाहेब नाही हसले. पण उठलेही नाहीत.

हे समजायचं तर थोडं मागं जायला हवं. आम्ही वडार. दगड फोडायचा, घडवायचा, रचायचा, हा पिढ्यांचा धंदा. या भागातले बंधारे, पूल, शाळा, देवळांचे पार, सगळ्याला आमच्या लोकांचे हात लागलेत. पाटीवर नाव मात्र दुसऱ्याचं. पिंपळसोंडच्या नरसिंहाच्या देवळाला नदीकडून भिंत घालायची ठरली तेव्हाही ठेकेदार म्हणून पाटी लागली रावसाहेबांची आणि दगड रचला माझ्या बापानं, तिमा इटकरानं. मी तेव्हा विशीत होतो, त्याच्या जोडीला उभा होतो.

अशी जाड दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात. एक बाहेरची, एक आतली, मध्ये भरीचं डबर. दोघींनी एकमेकींना धरून राहावं म्हणून ठरलेल्या अंतरावर एक लांब दगड आडवा घालतात, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. आम्ही त्याला आरपार म्हणतो. आरपार नसला तरी वरून भिंत देखणीच दिसते, पण पोटात पाणी शिरलं की दाराच्या दोन फळ्या उघडाव्यात तशी फाटते. दादा, म्हणजे माझा बाप, आरपार दगड स्वतः घडवायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. घडवून झाला की त्याच्या खालच्या अंगाला छन्नीनं दोन छोटी वर्तुळं काढायचा आणि मध्ये एक रेघ ओढायचा. टाळाची जोडी. एकदा मी विचारलं, ही भिंतीत गेल्यावर कुणाला दिसणार? तर म्हणाला, “आत कोन बसलाय त्याला दिसती की.”

टाळ का, तर त्याला कीर्तनाचं वेड. नरसिंह जयंतीला सदाशिवबुवा यायचे. वैशाखातल्या शुद्ध चतुर्दशीला दुपारी कीर्तन उभं राहायचं आणि दिवस मावळताना देवाचा जन्म व्हायचा. दादा सगळ्यांच्या मागं, पायताणांच्या ढिगाशेजारी बसायचा. आमची जागा तीच होती, ती कुणी सांगावी लागायची नाही. डोळे मिटून ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी कामावरच्या बांबूच्या पहाडावर चढून अख्खं आख्यान चालीसकट म्हणायचा. बुवांनी कुठं थांबून पेटीवाल्याकडं पाहिलं, तेसुद्धा. टोळीतल्या बायका पाट्या वाहता वाहता रडायच्या आणि हसायच्या. मला कीर्तनाची गोडी लागली ती अशी. आईच्या दुधानंतर माझ्या पोटात दुसरं काही गेलं असेल तर ते बुवांचं आख्यान.

तर त्या वर्षी निम्मी भिंत आम्ही उभी केली. मग माझं लग्न निघालं, मी महिनाभर सासुरवाडीकडं गेलो. परत आलो तर राहिलेली निम्मीही उभी होती, दगडांच्या सांध्यांतल्या दर्जा भरून झाल्या होत्या, आणि माझा बाप कधी नव्हे तो नवीन टोपी घालून हिंडत होता. भाद्रपदात पूर आला. आधीची निम्मी भिंत हलली नाही. नंतरची निम्मी एका सकाळी नदीत बसली. देवळाचं कोठीघर तिच्याबरोबर गेलं. जीव कुणाचा गेला नाही एवढंच.

रावसाहेबांनी चौकशीला आलेल्या साहेबांना सांगितलं की वडारानं आरपार दगड विकून खाल्ले. गावानं ते ऐकलं आणि मानलं. वडार आणि दगड, यात न मानण्यासारखं काय होतं? मी भांडायला उठलो तर दादानं मला दंडाला धरून खाली बसवलं.

पुढच्या जयंतीला सदाशिवबुवा आले. नेहमीप्रमाणं रावसाहेबांच्या घरी उतरले. कीर्तनात प्रल्हादाचं आख्यान रंगात आलं. बाप विचारतो, कुठं आहे तुझा देव? या खांबात आहे? बुवा थांबले, लोकांकडं पाहून हसले आणि म्हणाले, “खांबात देव होता हो. पण आपल्या तिम्याच्या भिंतीत साधा दगडसुद्धा नव्हता.”

सगळं देऊळ हसलं. बायका हसल्या, पेटीवाला हसला. हसत हसत लोक मागं वळून बघायला लागले. मी दादाकडं पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते आणि तो मान डोलवत होता. नेहमी डोलवायचा तशीच. मग हळूच उठला, आपली पायताणं शोधली आणि नदीच्या बाजूनं निघून गेला. त्यानंतर बावीस वर्षं तो कीर्तनाला बसला नाही. घरात मी टेप लावली तर उठून बाहेर जायचा.

गाव सुटलं. पण ते वाक्य आमच्या आधी सगळीकडं जाऊन पोचलेलं असायचं. ‘तिम्याची भिंत’. पोकळ माणसाला, फुसक्या वचनाला, मोडक्या सोयरिकीला, सगळ्याला लोक तिम्याची भिंत म्हणायला लागले. कराडला मी आधी दुसऱ्यांच्या हाताखाली काम केलं, मग छोटी कामं अंगावर घेतली. गटारं, मोऱ्या, स्मशानाचे कट्टे, कुणाला नको असलेलं सगळं. नोंदणी करायला गेलो तेव्हा तिथल्या बाबूनं मान वर न करता सांगितलं की मजुरांनी बाहेर थांबायचं, मालकाला आत पाठवा. मी बाहेर गेलो, चपला पुसल्या, पुन्हा आत आलो आणि म्हणालो, “मालक आलेत.” पाटी केली ‘तिमाण्णा इटकर आणि पुत्र, शासनमान्य ठेकेदार’. दादानं ती पाटी बघितली, हात फिरवला आणि घरात गेला. मला वाटलं, आनंदानं.

पाचसहा वर्षांनी एकदा कचेरीत बसलो होतो. एक तरुण साहेब दुसऱ्या कुणाच्या कामाचा नकाशा बघत म्हणाला, हे काय, तिम्याची भिंत आहे का? त्याला ठाऊक नव्हतं तिमा कोण. त्याला ठाऊक नव्हतं की तिमाचा मुलगा समोर बसून त्याच्या टेबलावरचा चहा पितोय. त्या दिवशी मी देवापुढं उभं राहून मागणं मागितलं. धंदा दे, कीर्ती दे असलं नाही. म्हटलं, नरसिंहा, ज्या गादीवरून हे वाक्य निघालं त्याच गादीसमोर, त्याच गावासमोर, रावसाहेबांच्या तोंडून मला ते परत घेऊ दे. बाप जिवंत आहे तोवर घेऊ दे. लोक देवाजवळ काय काय मागतात. मी सूड मागितला, आणि कौलाचं फूल उजवीकडून पडलं.

पुढच्याच हिवाळ्यात पिंपळसोंडच्या भिंतीचं काम निघालं. पडलेली पुन्हा बांधायची आणि उभी आहे तीही उतरवून नव्यानं चढवायची. ते मला मिळालं. जुनी निम्मी उतरवताना टाळाची खूण असलेले दगड एकामागून एक निघाले, जिथं असायला हवे तिथं, एकही चुकला नव्हता. पडलेल्या बाजूचा ढिगारा नदीतून उपसला. त्यात एकही आरपार नाही. दादानं तर दोन्ही बाजूंचे एकदमच घडवून ठेवले होते, मी स्वतः डोळ्यांनी पाहिले होते. मग गेले कुठं?

याचं उत्तर मला चहानं दिलं. रावसाहेब देवस्थानचे अध्यक्ष होते. आता मी कार घेऊन येणारा ठेकेदार, त्यामुळं त्यांनी घरी बोलावलं, वर खुर्ची दिली, अहोजाहो केलं. निघताना पायरीवर चप्पल घालायला वाकलो. खालचा एक चिरा निखळला होता, त्यामुळं वरच्या पायरीचं खालचं अंग दिसत होतं. तिथं दोन वर्तुळं होती आणि मध्ये रेघ.

मी चप्पल घातली, नमस्कार केला आणि आलो. दोन दिवस दगड घडवायला लागले. त्याच मापाचे, काळेभोर, एकाला एक लागणारे. तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉली भरून फाटकात उभा राहिलो, तिथून ही गोष्ट सुरू केली.

“पायऱ्या उचलायच्या कुणाच्या परवानगीनं?” रावसाहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, तुमच्याच. नको म्हणा, मी ट्रॅक्टर वळवतो. मग येत्या सभेत देवस्थानलाच विचारतो की देवाच्या भिंतीचे दगड अध्यक्षांच्या दारात कसे. आणि हो म्हणालात तर संध्याकाळपर्यंत याहून चांगल्या पायऱ्या बसवून देतो, बदलल्यात हे बघून कुणाला कळणारही नाही. मात्र एक करायचं. परवा जयंती आहे. पूर्वरंग संपला की मध्यंतरात अध्यक्ष या नात्यानं बुवांना हार तुम्ही घालता. त्या वेळी माईक हातात घ्यायचा आणि दगड कुणी नेले ते सांगायचं. एका वाक्यात.

त्यांनी पेपर काखेत मारला. मग कुणाचाही आधार न घेता ताठ उठले, बाजूला झाले आणि माझ्या माणसांना हातानं खूण केली, उचला म्हणून. पहिली पहार पायरीखाली गेली. दगड उलटा झाला. टाळ वर आला.

“सांगतो,” ते म्हणाले. “पण आधी घरी जा. दगड मी नेल्यावर ती भिंत रचली कुणी, ते तुझ्या बापाला विचार.”

अहोजाहो संपलं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. गाडी चालवताना सारखं वाटत होतं की हे मला आधी कसं सुचलं नाही. बावीस वर्षं मी दगडाचा माग काढत होतो आणि हाताचा विचारच केला नव्हता.

दादा परसात जुन्या छन्न्यांना धार लावत बसला होता. काम काही नव्हतं, हाताची सवय. मी समोर बसलो आणि विचारलं, “दादा, नंतरची निम्मी भिंत रचताना आरपार घातलेस?”

त्यानं छन्नी उलटसुलट करून पाहिली. म्हणाला, “न्हाई.”

मग त्यानं सांगितलं. कुणी विचारावं म्हणून इतकी वर्षं थांबला असावा असं सांगितलं. एका दुपारी रावसाहेब ट्रक घेऊन आले आणि घडवलेले दगड भरून घेऊन गेले. म्हणाले, साहेबांचा हुकूम आहे, आता सिमेंटचे आरपार येणार आहेत. ते आलेच नाहीत. दादानं काम थांबवलं. मग रावसाहेब पुन्हा आले आणि त्याला जीपमध्ये आपल्या शेजारी बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी शेजारी बसवलं होतं. म्हणाले, भिंत चढव. पुढच्या साली शाळेचं काम निघतंय, ते तुझ्या नावावर घेऊ.

“पाटी लावू म्हनलं, हणमा. ‘तिमा इटकर, ठेकेदार.’ नदीच्या काठाला उभं राहून त्यांनी हवेत लिहून दावलं. मला वाचाया येत न्हवतं, पर मी वाचलं. त्याच नादात भिंत चढवली. आत काय न्हाई ते मला ठावं हुतं. वरनं अशी गुळगुळीत केली की माझं मलाच खरं वाटाय लागलं.”

“मग बुवा बोलले ते...”

“खोटं कुठं बोललं? भिंतीत दगड न्हवताच.” त्यानं छन्नी खाली ठेवली. “इकून खाल्लं म्हनत्यात तेवढं खोटं. पर तेवढंच सांगाय गेलो आसतो तर फुडचं बी सांगाय लागलं आसतं.”

मला राग आला. रावसाहेबांचा नाही, त्याचा आला. माझं सगळं आयुष्य मी ज्या निर्दोष माणसाच्या पाटीवर उभं केलं होतं तो माणूस असा पायाशी बसून छन्न्या घासत होता. मी त्याला म्हटलं, परवा तू येऊ नकोस. रावसाहेब त्यांचं बोलतील, एवढं पुरे. त्यानं छन्नी पुन्हा हातात घेतली.

मी परवाचा बेत रद्द करू शकत होतो. गप्प बसून दोघांना झाकू शकत होतो. रावसाहेब उठून बापाचंही नाव घेतील हे मला कळत होतं, आणि तरी मी रद्द केलं नाही. बाप स्वच्छ निघावा यापेक्षा रावसाहेब उघडे पडावेत हे मला जास्त हवं होतं. इतकी वर्षं कीर्तनं ऐकलेल्या माणसानं हे लिहावं याची लाज वाटते, पण खरं तेच आहे.

जयंतीच्या दुपारी देऊळ भरलं. नवी भिंत चुन्याच्या पट्ट्यांनी सजवली होती. सदाशिवबुवा ऐंशीच्या घरातले, आवाज बारीक झाला होता पण सूर जागेवर होता. पूर्वरंगात त्यांनी नामाचं निरूपण केलं आणि काय केलं म्हणून सांगू, एकेक शब्द असा सोलून हातावर ठेवत होते की मी कशासाठी आलोय ते घटकाभर विसरलो. मी पहिल्या रांगेत होतो. आता मला तिथंच बसवत. रावसाहेब माझ्या शेजारी, मांडी घालून, दोन तास एका आसनावर. ते घामानं भिजले होते.

पूर्वरंग संपला. बुवांनी झांज थांबवली. पुजारी हाराचं तबक घेऊन आले आणि रावसाहेबांपुढं धरलं. त्यांनी हाराकडं हात नेला. त्याच वेळी मागून, पायताणांच्या बाजूनं, आवाज आला.

“बुवा, जरा थांबा.”

दादा उभा होता. एस. टी. नं एकटाच आला होता. धोतर, टोपी, हातात काही नाही. सगळं देऊळ मागं वळलं, बावीस वर्षांपूर्वी वळलं होतं तसंच. त्याला माईक नको होता. दगडाच्या खाणीत उभं राहून हाक मारणाऱ्याचा आवाज होता तो.

“म्या तिमा वडार. ती भिंत म्या रचली. आत आरपार दगड न्हाईत हे मला ठावं हुतं, तरी रचली. दगड म्या इकलं न्हाईत. एवढं माझं निम्मं झालं. ऱ्हायलेलं निम्मं ज्याचं त्यानं बोलावं.”

आणि खाली बसला.

कुणी हसलं नाही. रावसाहेबांचा हात तबकावर तसाच राहिला. बुवा मात्र हलले. त्यांनी हातातली झांज काढून पेटीवर ठेवली.

“याच गादीवर उभं राहून मी एक कोटी केली होती,” ते म्हणाले. “लोक हसले, मलाही बरं वाटलं. ज्यांच्या घरचं जेवलो त्यांच्याकडून ऐकलं आणि इथं येऊन बोललो. खरं की खोटं, विचारलं नाही. आज विचारतो. राहिलेलं निम्मं ऐकल्याशिवाय मी आख्यान लावणार नाही.”

पुजाऱ्याची गडबड उडाली. दिवस नदीपलीकडं बांबूच्या बेटाला टेकला होता. बुडायच्या आत प्रल्हाद खांबापर्यंत यायला हवा, खांब फुटायला हवा, जन्म व्हायला हवा. एकदा वेळ टळली की वर्षभर गावाच्या डोक्याला घोर. पुजारी बुवांच्या कानाशी लागले. बुवांनी डोळे मिटून घेतले. तबलजी हातोडी घेऊन उगाचच तबल्याची गट्टी ठोकून बघायला लागला. सगळ्या देवळात तेवढाच आवाज. उन्हाची तिरीप देवाच्या पायावरून सरकत उंबऱ्याकडं निघाली आणि गाव ती तिरीप बघत होतं, आणि रावसाहेबांना बघत होतं.

मी योजलं होतं त्यात त्यांनी एक वाक्य बोलायचं, हार घालायचा आणि बसायचं होतं. दादानं त्यांना तेवढंही सोपं ठेवलं नाही. आपलं निम्मं स्वतः बोलून त्यानं त्यांच्या हातातलं एकुलतं एक शस्त्र काढून घेतलं होतं. मला मनातून गुदगुल्या होत होत्या. वाटलं, बाप आहे माझा.

“दगड मी नेले,” रावसाहेब पुटपुटले.

मागून बायका विचारायला लागल्या, काय म्हणाले, काय म्हणाले. बुवा डोळे न उघडता म्हणाले, “त्यांना माईक द्या.”

माईक हातोहात आला. शेवटचा हात माझा होता. मी तो त्यांच्या तोंडापुढं धरला, अगदी अदबीनं धरला.

“दगड मी नेले. घराला लावले.” ते शब्द कर्ण्यातून बाहेर गेले, नदीवर गेले आणि पलीकडच्या काठाला आपटून परत आले. परत आलेले मी पुन्हा ऐकले.

मग त्यांना तिथून जायचं होतं. त्यांनी हार ठेवला, जमिनीवर हात टेकला आणि उठायला गेले. पाय उठेना. दोन तासांच्या मांडीनं तो पार बधिर झाला होता. पुन्हा जोर केला आणि कोपरावर कलंडले. आजूबाजूला चाळीस वर्षं त्यांच्या पुढंमागं करणारी माणसं होती. कुणी जागचं हललं नाही. त्यांची सून बायकांत बसली होती, तिनं पदर पुढं ओढून घेतला. मी सगळ्यांत जवळ होतो. आमचे गुडघे एकमेकांना लागत होते. रावसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. तोंडानं काही म्हणाले नाहीत, पण मागितलं.

मी बसून राहिलो.

किती वेळ गेला ठाऊक नाही. तिरीप उंबऱ्यावर आली होती. तेवढ्यात मागची माणसं अंग चोरून वाट द्यायला लागली. दादा येत होता. जन्मात कधी तो त्या बाजूला आला नव्हता. कुणाच्या मांडीला पाय लागला की खाली वाकून नमस्कार करत, परत पुढं येत, तो रावसाहेबांपाशी पोचला. त्यांच्या काखेत हात घातला, दगड उचलताना घालतात तसा, कंबर सांभाळून, आणि त्यांना उभं केलं. रावसाहेब त्याच्या खांद्यावर रेलले. दोघं त्या माणसांमधून हळूहळू बाहेर गेले. बाहेर दादानं वाकून त्यांच्यापुढं त्यांची पायताणं ठेवली. ते मी बसल्या जागेवरून पाहिलं.

बुवांनी झांज घेतली. आख्यान असं धावत सुटलं की तसं पुन्हा मी कधी ऐकलं नाही. सूर्याची शेवटची कड बांबूच्या बेटाआड गेली आणि खांब फुटला. गुलाल उधळला, घंटा वाजल्या, बायकांनी पाळणा म्हटला. शेजारचा माणूस मला मिठी मारून रडत होता, म्हणत होता, जिंकलास इटकर. गावातनं ते वाक्य त्या दिवसापासून गेलं. आता पोकळ वस्तूला तिम्याची भिंत कुणी म्हणत नाही. मागितलं ते सगळं मला देवानं दिलं.

आणि मी धुमसत होतो. गाडीत दादाला पुढं बसवलं, गाव मागं पडलं. शेवटी राहवेना. म्हणालो, बावीस वर्षं मी या एका दिवसासाठी राबलो. तो पडला होता. गावासमोर पडला होता. आणखी थोडं पडू द्यायचं होतंस. हात का दिलास?

दादानं मी खुळा असल्यासारखं माझ्याकडं पाहिलं.

“आरं, त्येंचा पाय झोपला हुता,” तो म्हणाला.

दादाला जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्या दिवसानंतर तो मरेपर्यंत कीर्तनाला बसत होता, पुढं, माझ्या शेजारी. मी अजून जातो. क्षमेचं निरूपण निघालं की माझेही डोळे भरतात, मीही मान डोलवतो. पण ती दुपार पुन्हा आली आणि रावसाहेबांनी पुन्हा माझ्याकडं तसंच पाहिलं, तर मी पुन्हा बसूनच राहीन. बापाशी माझं तेवढं एक भांडण अजून मिटलेलं नाही.